आधी फटके मोजा, मग निकाल लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडमध्ये न्यूमार्केटच्या मैदानावर १२ ऑक्टोबर २०२४ रोजी सिझारविच ही शर्यत झाली. १८३९ पासून चालत आलेली ही सव्वादोन मैलांची हँडिकॅप, म्हणजे घोड्याच्या कुवतीप्रमाणे त्याच्यावर कमी-जास्त वजन देऊन लावलेली शर्यत. शेवटचे दहा फर्लांग, म्हणजे सव्वा मैल, एकदम सरळ, त्यामुळे घोडा आणि जॉकी दोघांचाही कस लागतो. आयर्लंडहून आलेला ‘अल्फॉन्स ल ग्रांद’ थोडक्या अंतराने पहिला आला आणि ‘मॅन्क्समन’ दुसरा. शनिवारी निकाल लागला, पैसे वाटले गेले. मंगळवारी चाबकाचा वापर तपासणाऱ्या समितीने फिल्म पाहिली, शिकाऊ जॉकीने सहाऐवजी दहा फटके मारले असे ठरवले आणि जिंकलेला घोडा बाद केला. पुढे अपिलात त्या दहातला एक फटका मोजायलाच नको होता असा निर्णय झाला. दहाचे नऊ झाले, आणि घोडा बाद होतो तो दहाला, त्यामुळे बाद झालेला घोडा पुन्हा विजेता ठरला.

एका फटक्याच्या मोजणीवर एवढी मोठी शर्यत दोनदा फिरली. अशी बातमी वाचून बहुतेकांना वाटते की हा नियमच वेडगळ आहे, जॉकीच्या चुकीची शिक्षा घोड्याला आणि मालकाला कशाला? माझे मत उलटे आहे. घोडा बाद करणे योग्यच आहे. चुकते ते मोजणीच्या वेळेत. हे पटायचे तर नियम आतून कसा चालतो ते पाहावे लागेल.

चाबूक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे टांगेवाल्याचा वादीचा चाबूक येतो किंवा आसूड येतो. शर्यतीतला चाबूक म्हणजे खरे तर आखूड छडी. ब्रिटनमध्ये सपाट मैदानाच्या शर्यतीत ती ७० सेंटीमीटरपेक्षा लांब चालत नाही आणि अडथळ्यांच्या शर्यतीत ६८. आतला दांडा लवचीक असतो, आणि जो भाग घोड्याला लागतो त्याच्याभोवती फोमची गादी असते. फटक्याचा जोर गादी बराचसा पिऊन टाकते. त्यामुळे आवाज मोठा येतो पण वळ सहसा उठत नाही. ‘सहसा’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. नुकतीच केस कातरलेली, घामाने भिजलेली पातळ कातडी असेल तर गादीच्या छडीनेही वळ उठतो. म्हणून खोगीर उतरवताना पशुवैद्य मागचा भाग बघतात. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये घोड्याची आणि माणसाची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिली. वरच्या थराच्या जाडीत किंवा त्यातल्या मज्जातंतूंच्या टोकांच्या दाटीत त्यांना लक्षात घेण्याजोगा फरक सापडला नाही. ‘त्याला काही लागत नाही’ हे वाक्य त्या दिवसापासून वापरातून जायला हवे होते.

ब्रिटनमध्ये २०११ साली सपाट शर्यतीत सात आणि अडथळ्यांच्या शर्यतीत आठ अशी मर्यादा आली. २०२३ मध्ये ती अनुक्रमे सहा आणि सात झाली, आणि मर्यादेपेक्षा चार किंवा अधिक फटके झाले तर घोडा बाद, हे कलम नव्याने आले. एक, दोन किंवा तीन जास्त झाले तर जॉकीला वाढत्या दिवसांची बंदी होते, घोड्याचा नंबर मात्र कायम राहतो. आकड्यापलीकडेही बंधने आहेत. हात खांद्याच्या वर जाता कामा नये. फटका मागच्या पुठ्ठ्यावर पडला पाहिजे, बरगड्यांमागच्या मऊ कुशीवर नाही. शर्यतीतून बाहेर पडलेल्या किंवा आरामात जिंकणाऱ्या घोड्याला मारायचे नाही, पोस्ट, म्हणजे शर्यत संपते तो खांब, ओलांडल्यावर तर नाहीच. आणि एका फटक्यानंतर घोड्याला प्रतिसाद द्यायला वेळ द्यायचा.

या शेवटच्या अटीचा हिशोब मांडून पाहा. फर्लांग म्हणजे २०१ मीटर. ताशी ६० किलोमीटरच्या आसपास धावणारा घोडा तो बारा सेकंदांत संपवतो. त्याची एक झेप साधारण सात मीटरची, म्हणजे फर्लांगात अठ्ठावीस-एकोणतीस झेपा. घोड्याला वेळ द्यायचा म्हणजे दोन फटक्यांमध्ये निदान तीन झेपा, एकवीस मीटर. जॉकीने पहिला फटका शेवटच्या फर्लांगाच्या खांबाजवळ मारला आणि अंतर नीट राखले, तरी सहावा पडतो तेव्हा पोस्ट अजून ९५ मीटरच्या आसपास लांब असते. हातातले सहा संपले, घोडा थकलाय, शेजारचा नाकाला नाक लावून आहे आणि उरलेत पाच-सहा सेकंद. सगळे नियम मोडतात ते याच पट्ट्यात. ऑस्ट्रेलियाने तर हाच पट्टा मोकळा सोडला आहे. तिथे शेवटच्या १०० मीटरपूर्वी पाचच फटके, तेही लागोपाठच्या झेपांवर नाहीत, पण शेवटच्या १०० मीटरात आकडा जॉकीच्या मर्जीवर. घोडा सर्वात जास्त दमलेला असतो तिथेच हात मोकळा सोडायचा, हे मला कधीच पटलेले नाही.

चांगले जॉकी हा हिशोब शर्यतीआधीच बांधतात. खांबापर्यंत नुसते हाताने आणि पायाने ढकलायचे, छडी फक्त दाखवायची. पहिले तीन-चार फटके अंतर राखून मारायचे आणि दोन शेवटच्या पन्नास मीटरांसाठी राखून ठेवायचे. चुकते ते बहुधा हात बदलताना. घोडा उजवीकडे कलू लागला की छडी डाव्या हातातून उजव्या हातात ओढून घ्यावी लागते. लगाम क्षणभर एका मुठीत येतो, तोल सांभाळायचा असतो, शेजारच्यावर जायचे नसते, आणि त्या दीड सेकंदात मनातली मोजणी तुटते. दुसऱ्या हाताने पुन्हा ‘एक’पासून सुरुवात होते. नवख्या मुलांचे बहुतेक जादा फटके असे पडतात, दुष्टपणाने नव्हे. सव्वादोन मैल धावलेल्या घोड्यावर हे होणे आणखी सोपे. म्हणून शिकाऊ जॉकीला छडीचा रियाज यांत्रिक घोड्यावर, मोठ्याने आकडे म्हणत आणि हात बदलत करून घेतला पाहिजे. ती जबाबदारी ट्रेनरची आहे आणि जॉकी घडवणाऱ्या शाळेचीही.

मग मोजणाऱ्यांचे काय? प्रेक्षकाला वाटते, फिल्म आहे, मोजले की झाले. तसे नसते. छडी फिरली पण लागली नाही, तो फटका नाही. खोगिराखालच्या कापडावर किंवा जॉकीच्याच बुटावर लागली, तर वाद. दोन्ही हात लगामावर ठेवून खांद्याला नुसती थाप दिली, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय नियमात ती धरत नाहीत. घोडा कठड्याकडे किंवा दुसऱ्या घोड्यावर चालला म्हणून मारलेला फटका सुरक्षेसाठी मानला जातो, तो सुटतो. बाजूच्या कॅमेऱ्यात फटका वाटतो तो समोरच्या कॅमेऱ्यात नुसती हालचाल असते, आणि पलीकडच्या बाजूचा फटका घोड्याच्या धडाआड लपतो. दोन्ही फिल्म्स हळू गतीने, जोडीने पाहिल्याशिवाय आकडा लिहूच नये. सिझारविचचा निकाल अपिलात फिरला तो याच जागेवर. नियम चुकीचा ठरला नाही, एक हालचाल फटका होती की नाही एवढाच प्रश्न होता.

आता मुख्य मुद्दा. फक्त जॉकीला शिक्षा का पुरत नाही? १५ ऑक्टोबर २०११ रोजी अॅस्कॉटला चॅम्पियन स्टेक्स ‘सिरस द एग्ल’ने जिंकली. तेव्हाच्या नियमात शेवटच्या फर्लांगात पाचच फटक्यांना परवानगी होती. त्याचा जॉकी क्रिस्तोफ सुमियोंने एक जास्त मारला. त्याचा बक्षिसातला हिस्सा, पन्नास हजार पौंडांच्या घरातला, गेला आणि वर बंदी आली. जॉकी मंडळी खवळली, आणि काही दिवसांतच शेवटच्या फर्लांगाचे ते पोटकलम मागे घ्यावे लागले. पण त्या सगळ्या गदारोळात घोड्याचा नंबर कोणी हलवला नाही. मालकाचे बक्षीस, ट्रेनरचे नाव, घोड्याच्या वंशावळीत छापली जाणारी मोठ्या शर्यतीची जीत, सगळे जागच्या जागी राहिले. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारात, जॉकीला सूचना देणारे मालक आणि ट्रेनर हेच दोघे असतात. फायदा त्यांचा आणि शिक्षा नोकराची, अशी मांडणी असेल तर मोठ्या शर्यतीत बंदी हा नुसता खर्च होतो आणि तो खर्च करायला माणूस तयार होतो. ब्रिटिशांनी बारा वर्षे दिवस वाढवून, दंड वाढवून पाहिले. अखेर घोडा बाद करण्याचे कलम आले, कारण त्यामुळे मालकच पॅडॉकमध्ये जॉकीला बजावतो की सहाच्या वर जाऊ नकोस.

मालक निर्दोष असतो, हा आक्षेप भावनेला पटतो, पण रेसिंगमध्ये तो इतरत्र कुठेच चालत नाही. जॉकी शर्यतीनंतर वजनकाट्यावर ठरलेल्या वजनापेक्षा कमी भरला तर घोडा जातो. रक्तात निषिद्ध औषध सापडले तर घोडा जातो, दिले कोणीही असो. केंटकी डर्बीत १ मे २०२१ रोजी ‘मेडिना स्पिरिट’ पहिला आला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये औषधामुळे बाद होऊन ‘मॅन्डलून’ विजेता ठरला. मालकाने स्वतः सुई टोचली होती का, हा प्रश्न तिथे गैरलागू होता. नियमाबाहेरच्या साधनाने मिळालेली जीत ठेवता येत नाही, एवढेच त्यामागचे तत्त्व, आणि सातवा फटका हेही नियमाबाहेरचेच साधन आहे.

यावर जाणकारांचा दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अडथळा आणल्याच्या तक्रारीत स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, विचारतात की अडथळा झाला नसता तर निकाल बदलला असता का. चाबकाच्या कलमात हा प्रश्नच नाही, नुसता आकडा आहे. मग चार घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने जिंकलेला घोडा दहा फटक्यांसाठी का जावा? उत्तर असे की हा प्रश्न चाबकाच्या बाबतीत सोडवताच येत नाही. डेव्हिड इव्हान्स आणि पॉल मॅकग्रीव्ही या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घोड्यांचा सर्वाधिक वेग पोस्टपासून ६०० ते ४०० मीटरांच्या टप्प्यात दिसला, जिथे चाबूक चाललाच नव्हता. चाबूक पडत होता तो पुढे, वेग उतरणीला लागल्यावर. ब्रिटनमध्ये शिकाऊ जॉकींसाठी १९९९ पासून काही शर्यती नुसत्या हातापायांनी चालवल्या जातात. तिथे छडी जवळ असते, पण सुरक्षेशिवाय वापरायची नाही. २०२० मध्ये अशा शर्यतींची चाबकाच्या शर्यतींशी तुलना झाली, तेव्हा वेळेत किंवा घोडा सरळ चालवण्यात फरक आढळला नाही. म्हणजे सातव्या फटक्याने किती मीटर मिळाले हे कोणी सिद्ध करू शकणार नाही, आणि मिळाले नाहीत हेही. मोजता येतो तो फक्त फटका. म्हणून नियम फटक्यावरच उभा राहिला पाहिजे.

पण मग चारचीच पायरी का? माझी खरी तक्रार इथे आहे. सात, आठ, नऊ फटक्यांना जीत कायम राहते. फोटो फिनिशमध्ये नऊ फटके मारणारा पहिला आणि सहावर हात आवरणारा दुसरा, तर आजचा नियम दुसऱ्याला काय देतो? काहीही नाही. पहिल्याच्या जॉकीला काही दिवस सुट्टी, एवढेच. नियम पाळणाऱ्याचे नुकसान कोणाच्याच हिशोबात धरलेले नाही. अमेरिकेतही १ जुलै २०२२ पासून सहाची मर्यादा आहे, सलग दोनपेक्षा जास्त फटके नाहीत, आणि तिथेही बक्षीस जाते ते चार जास्त झाल्यावरच. मोजणीत एखादी हालचाल वादाची असू शकते, म्हणून एका फटक्याची सूट समजू शकतो. सात फटक्यांना बंदी आणि दंड ठेवा. आठव्याला मात्र घोडा खाली गेला पाहिजे. तीन फटक्यांची सूट वादासाठी लागत नाही, ती मोठ्या शर्यतीत सरळ वापरली जाते.

पायरी खाली आणायची तर मोजणी निकालाआधी हवी. ब्रिटनने आठवड्याला एकदा बसणारी मध्यवर्ती समिती नेमली, कारण प्रत्येक मैदानावरचे स्टुअर्ड वेगवेगळे मोजतील अशी भीती होती. भीती खरी आहे, पण त्याची किंमत पैज लावणाऱ्याने मोजली. पैजांचा हिशोब मैदानावरच्या निकालावर त्याच दिवशी मिटतो. मंगळवारी विजेता बदलला तरी दुसऱ्या आलेल्या घोड्यावर पैसे लावलेल्याच्या हाती काही येत नाही. याउलट ४ मे २०१९ च्या केंटकी डर्बीत ‘मॅक्सिमम सिक्युरिटी’ अडथळ्यासाठी खाली आणला गेला, तेव्हा स्टुअर्डांनी सुमारे २२ मिनिटे घेतली, निकाल रोखून धरला आणि ‘कंट्री हाऊस’वर ६५ला एक या भावाने पैसे लावलेल्यांना त्यांचे पैसे मिळाले. प्रेक्षक ओरडले, पण निकाल एकच राहिला.

हे चाबकासाठीही जमते. पहिले चार घोडे घ्या आणि प्रत्येकाचे शेवटचे तीन फर्लांग, म्हणजे जेमतेम चाळीस सेकंदांची फिल्म. दोन माणसांनी एकमेकांचा आकडा न पाहता मोजायचे, एकाने समोरच्या कॅमेऱ्यावरून, दुसऱ्याने बाजूच्या. आकडे जुळले तर नोंद करायची. न जुळले तर दोन्ही फिल्म्स जोडून अर्ध्या गतीने पाहायच्या, वादाचा फटका कोणत्या झेपेवर आहे ते लिहायचे, जॉकीला बोलावून विचारायचे. मैदानामैदानात फरक पडू नये म्हणून दुसरा मोजणारा मध्यवर्ती खोलीत बसू शकतो, फिल्म तारेवरून जाते. जॉकी वजनकाट्यावरून उतरेपर्यंत बहुतेक शर्यतींची मोजणी संपलेली असेल. फोटोसाठी आपण थांबतोच, ऑब्जेक्शनचा, म्हणजे निकालावरच्या तक्रारीचा, भोंगा वाजला की थांबतोच. दूरचे फटके सुटतील अशी शंका असेल तर अख्ख्या शर्यतीची फिल्म संध्याकाळी पाहून जॉकीची बंदी ठरवावी, घोड्याचा नंबर मात्र पुन्हा हलवू नये.

महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर येणाऱ्यांना हे लगेच कळेल, कारण टोटची, म्हणजे क्लबच्या खिडकीवर लावलेल्या पैजांची, रक्कम एकाच डब्यात जमते आणि ‘ऑल क्लिअर’ झाल्यावर, म्हणजे निकाल पक्का झाल्यावर, त्यातूनच जिंकणाऱ्यांचा डिव्हिडंड वाटला जातो. एकदा वाटलेले पैसे परत गोळा होत नाहीत. म्हणून इंग्लंडचे कलम इथे जसेच्या तसे आणण्याच्या गोष्टी होतील तेव्हा त्यातला मंगळवारचा भाग गाळला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला, त्यावर इथला सगळा धंदा उभा आहे. हात आवरून जिंकणे हे त्या कौशल्यात मोडते, असे मी मानतो.

खेड-मंचरकडचा वाचक विचारील, आमच्या बैलगाडा शर्यतींना परवानगी देताना चाबूक, काठी, विजेचा धक्का सगळे बंद केले, मग घोड्याला सहा तरी का? प्रश्न रास्त आहे. नॉर्वेने १९८२ मध्येच पळवण्यासाठी चाबूक बंद केला आणि स्वीडनने २०२२ मध्ये. माझाही कल तिकडेच आहे. छडी जॉकीच्या हातात असावी ती घोडा कठड्यावर जाऊ लागला तर, एवढ्यापुरती. पण जिथे सहाची परवानगी आहे तिथे आठ मारून जिंकलेला घोडा आज विजेता राहतो, हे तोवर चालू द्यायचे कारण नाही.

शर्यती भरवणाऱ्या टर्फ क्लबांना विनंती अशी की प्रत्येक शर्यतीच्या निकालपत्रकात पहिल्या चार घोड्यांच्या नावापुढे वजन, अंतर, वेळ यांच्या शेजारी फटक्यांचा आकडा छापावा. फिल्म असतेच, स्टुअर्ड पाहतातच, एक रकाना वाढेल. आणि आपल्याला विनंती अशी की हंगामात रेसच्या निकालांना आपण रोज जागा देता, त्यात तो आकडाही छापावा. सकाळी चहाबरोबर निकाल वाचणाऱ्याला पहिल्या घोड्यापुढे आठ आणि ‘शॉर्ट हेड’ने, म्हणजे डोक्याहूनही कमी अंतराने, हरलेल्या दुसऱ्यापुढे पाच दिसू द्या.

आपला,
एक वाचक
वानवडी, पुणे